उंबऱ्यावरचे डबे

पाचोडच्या आठवडी बाजारात गिऱ्हाईकं म्हणायची, पारूबाईच्या मिरच्यांपेक्षा तिची जीभ जास्त तिखट. तरी घ्यायची तिच्याकडूनच, कारण मापात खोट नाही. कुणी वरून मूठभर उचलायला हात घातला की ती म्हणायची, "ठेव खाली. फुकट मी घेत नाय, फुकट मी देत नाय." घासाघीस चालायची, शिवीसुद्धा चालायची. फुकट चालायचं नाही.

हे कुठून आलं ते आधी सांगायला पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील म्हातारी आडमुठी होती, आणि असं म्हणून मोकळं होणाऱ्या लोकांची आपल्याकडं कमतरता नाही.

पारूबाई सहा-सात वर्षांची असताना तिची आई सणाला टोपली घेऊन गावात मागायला जायची. धम्म घेऊन काही वर्षं झाली होती, पण पोट अजून जुन्याच गावात राहत होतं. दिवाळी झाली की मागच्या दारानं जायचं, हाक द्यायची, लांब उभं राहायचं. घरातली बाई यायची, उरलंसुरलं उंबऱ्यावर ठेवायची आणि पाठ वळवायची. तिची पाठ वळली की पुढं व्हायचं आणि उचलायचं. एका वर्षी पारू आईबरोबर गेली. उंबऱ्यावर करंज्या होत्या. पोरीला दम निघाला नाही, बाई वळायच्या आधीच ती धावली. बाईनं मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसता पदर आवळला आणि अशी मागं सरकली, की पोरीला आपल्या अंगाला काहीतरी लागलंय असं वाटलं. घरी येईपर्यंत ती हात झाडत होती.

बाप मोतीरामनं सगळं ऐकून घेतलं. त्यानं टोपली उचलली आणि करंज्यांसकट चुलीत घातली. त्या दिवाळीला घरात कण्या शिजल्या, आणि पुढच्या सणाला वस्तीतलं एकही घर मागायला गेलं नाही. तेव्हापासून सणाचं गोडधोड दुसऱ्याच्या हातून घ्यायचं नाही, हे पारूबाईनं असं धरलं की साठी उलटली तरी सोडलं नाही.

तिचा नवरा लवकर गेला. मिरच्यांवर आणि दुसऱ्यांच्या रानातल्या मजुरीवर तिनं एकुलत्या एका लेकीला, सुलेखाला, बारावीपर्यंत शिकवलं. थोरली बहीण दगडाबाई डोळ्यांनी ठार आंधळी, तीही पारूबाईच्याच घरात. लेकीला दागिना देणं झालं नाही, शिकवण मात्र तिनं ठोकून ठोकून दिली: कुणापुढं हात पसरायचा नाही. सुलेखानं लहानपणी शाळेत मैत्रिणीच्या डब्यातला लाडू खाल्ला, तर घरी येऊन स्वतःच सांगितलं आणि मार खाल्ला. दुसऱ्यांदा खाल्ला तेव्हा सांगितलं नाही. हे पारूबाईला कधी कळलं नाही.

सुलेखाचं लग्न राजकुमारशी झालं. पोरगा वाळूजला कंपनीत, ठेकेदाराच्या हाताखाली, पाळी दर आठवड्याला बदलणारी. शहरात, गारखेड्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मुलगी झाली, क्षितिजा. ती जवळच्याच मराठी शाळेत चौथीपर्यंत पोचली, आणि त्या उन्हाळ्यात सुलेखाच्या पोटात गाठ निघाली.

मग दवाखाना. पारूबाई दगडाबाईला शेजारणीच्या भरवशावर टाकून शहरात आली ती खाटेजवळच बसली. राजकुमार कंपनीतून दवाखान्यात, दवाखान्यातून कंपनीत. पारूबाई विचारायची, "पोरगी कुठं असती? खाती काय?" सुलेखा डोळे मिटून म्हणायची, "बघतात गं शेजारी. तू नको विचार करू." राजकुमार मान खाली घालायचा. पारूबाईला वाटायचं, बिचाऱ्याला दुःखानं बोलवत नाही.

गणपती बसायच्या आठवड्यात सुलेखा गेली.

जलदानविधी झाला, पाहुणे पांगले. पारूबाई तिथंच थांबली. रोज सकाळी नातीची वेणी घालायची, भाकरी-ठेच्याचा डबा द्यायचा, शाळेपर्यंत सोडायचं. पण जावयाच्या घरात किती दिवस राहणार? आणि पाचोडहून शेजारणीचा फोन यायचा, "म्हातारी रात्रंदिवस तुझं नाव घेती. मी तरी किती बघू?"

राजकुमारनंच विषय काढला. "मामी, दिवाळीच्या सुट्टीत क्षितिजाला पाचोडला न्या. मी शाळेतून दाखला काढतो. तिकडंच घाला तिला. माझ्या पाळ्या अशा, इथं तिला कोण बघणार?"

पारूबाईनं तोंडानं "बघू" म्हटलं. मनातून ती तेवढ्याचीच वाट बघत होती. सुलेखाची हनुवटी, सुलेखाचं नाक, सुलेखासारखंच चिडली की ओठ दुमडणं, हे सगळं घरात फिरतं-बोलतं राहणार होतं. लेक गेली होती, पण तिच्यातलं जेवढं उरलं होतं तेवढं तरी पदरात घेऊन जाऊ, असं तिला वाटत होतं. तिच्या जागी कुणालाही वाटलं असतं.

शाळेचा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवसावर आला होता. दुपारी दारात स्कूटी थांबली. चारुता आली होती. वर्गातल्या वरदची आई, बँकेत नोकरी करणारी. शाळेच्या फाटकात पारूबाईनं तिला पाहिलेलं, मान हलवण्यापुरती ओळख. हातात दोन पिशव्या, पिशव्यांत पोरांचेच शाळेचे डबे, झाकणांवर नावं लिहिलेली. वरद, स्वराली, प्रणय.

"मावशी, हे वर्गातल्या आयांकडून. यंदा तुमच्याकडं कढई ठेवायची नसणार, म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं केलंय. चिवडा आहे, चकल्या, शंकरपाळे."

"आमच्यात दिवाळी नसती," पारूबाई म्हणाली.

"हो, पण दुखवट्याच्या घरी द्यायचंच असतं मावशी. नाही म्हणू नये."

पारूबाईनं स्वतःला आवरलं. दारात आलेल्या माणसाला तोडायचं नाही, एवढं तिलाही कळत होतं. "आत या. बसून बोला."

चारुतानं आत पाहिलं. एक पाऊल उचलल्यासारखं केलं आणि खाली ठेवलं. "नको, घाईत आहे," म्हणाली. मग वाकली, एकेक डबा उंबऱ्यावर ओळीनं ठेवला, आणि काही न बोलता पाठ वळवून निघून गेली.

चारुताच्या घरची रीत अशी की सणाच्या दिवसांत दुखवट्याच्या घरात पाय टाकायचा नाही. द्यायचं ते बाहेरून द्यायचं. निघताना 'येते' म्हणायचं नाही, म्हणजे तसला प्रसंग त्या घरावर पुन्हा येत नाही. सासूनं बजावून पाठवलेलं. तिच्या हिशोबी तिनं सगळं नीट केलं होतं, मायेनं केलं होतं. पण पारूबाईला ही रीत कुठून माहीत असणार? तिला दिसला उंबरा, उंबऱ्यावर मांडलेला फराळ, आणि पाठ करून जाणारी बाई.

साठ वर्षं मधली कुठं गेली कळलं नाही. ती कितीतरी वेळ तशीच उभी होती. डब्यांना तिनं हात लावला नाही. क्षितिजा खेळून आली आणि झाकणावरची नावं वाचून हसली, "आजी, हा वरदचा डबा." तिनं उचलायला हात घातला, तसं पारूबाईनं तिच्या हातावर फटका मारला. पोरगी रडली नाही. ओठ दुमडून आत गेली.

सकाळी पारूबाईनं सगळे डबे पिशवीत भरले आणि नातीला घेऊन शाळेकडं निघाली. काय बोलायचं ते तिनं घोळून ठेवलं होतं. सगळ्या वर्गासमोर बोलायचं होतं. अर्ध्या वाटेवर क्षितिजानं तिचा पदर ओढला.

"आजी, काकूंना नको बोलू."

"कुठल्या काकूंना?"

"चारुताकाकूंना. आई दवाखान्यात होती ना, तेव्हा मी त्यांच्याकडंच राहायचे. शाळा सुटली की त्याच न्यायच्या. जेवायचे पण तिथंच."

पारूबाई थांबली. "रोज?"

"रोज. सकाळची वेणी बाई घालायच्या वर्गात. आणि दमयंती बाईंनी सांगितलंय, मधल्या सुट्टीत सगळ्यांनी डबे मधे ठेवायचे, सगळ्यांचं सगळ्यांनी खायचं. म्हणून कुणाला कळायचं नाही, माझा डबा नाही ते."

"मला का नाय सांगितलं?"

"आईनं सांगितलं होतं नको सांगू. आजी चिडेल म्हणाली."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. पारूबाई पिशवी हातात घेऊन कडेला उभी राहिली. खाटेवर पडलेली लेक, हाताला सुई, तोंडाला कोरड, आणि पोरीची सोय लावताना तिच्या मनात भीती कुणाची, तर आईची. शेजारी बघतात म्हणाली. मरेपर्यंत खोटं बोलली माझ्याशी, आणि राजकुमार मान खाली घालून बसायचा तो याच्यासाठी. पारूबाईला रडू यायला पाहिजे होतं. आला तो राग, आणि राग काढायला समोर कुणी नव्हतं. ती गेली होती.

"चल," ती म्हणाली.

शाळेत पोरं आकाशकंदील करत होती, व्हरांड्यात कागदाचे कपटे पडलेले. दमयंती बाई, क्षितिजाच्या वर्गशिक्षिका, निवृत्तीला आलेल्या, चष्मा कपाळावर चढवून डिंकाची बाटली उघडत होत्या. मदतीला आलेल्या दोन-तीन आया, त्यात चारुता. पारूबाईनं पिशवी बाकावर ठेवली. ती चारुताला एवढंच म्हणाली, "माझी लेक तुमच्याकडं मागायला आली होती?"

चारुता गडबडली. "मागायला नाही मावशी. ती म्हणाली, पोरगी दुपारची तुमच्याकडं बसली तर चालेल का. त्यात मागणं काय? त्याआधी दोन वर्षं माझा वरद तिच्याकडंच बसायचा, मी बँकेतून येईपर्यंत. तुमच्याच त्या घरात. तिनं थापलेली भाकरी खायचा, आणि घरी येऊन मला म्हणायचा, तुला नाही जमत तशी."

"मग तुम्ही काल आत का नाय आलात?"

चारुतानं हातातला कागद बाकावर ठेवला.

"दोन वर्षं तुमचं पोरगं त्या घरात जेवलं. काल तुम्ही उंबऱ्यावर ठेवलं आणि पाठ केली. माझी आई उचलायची तसलं. उंबऱ्यावरून. मी बी उचललंय, माहितीये का? एवढी होते, हिच्यापेक्षा बारकी." आवाज चढला नव्हता, पण पोरं कात्र्या थांबवून बघायला लागली. दमयंती बाईंनी त्यांना मैदानात पिटाळलं आणि पारूबाईला पोरांच्या बुटक्या बाकावर बसवून स्वतः शेजारी बसल्या. पारूबाईनं टोपलीचं सांगितलं, करंज्यांचं, चुलीचं. घरच्या माणसांखेरीज कुणाला ती पहिल्यांदाच सांगत होती.

"मला माहीत नव्हतं हे," चारुता म्हणाली.

"माहीत नसणं बी तुमच्याच वाट्याला येतं. आम्हाला ती सोय नाय."

चारुताचे डोळे भरले. पण तिनं सारवासारव केली नाही, तेवढं तिचं मानावं लागेल. "सासूबाई म्हणाल्या, दुखवट्याच्या घरात सणाचं जाऊ नको. मी ऐकलं. सुलेखाचं घर होतं ते. मी ऐकायला नको होतं."

"सासूबाईंना माझी नात घरात चालती?"

"चालते. लाड करतात तिचे. दुखवट्याचं घर तेवढं चालत नाही."

"मग दुखवटा तर पोरीच्याच अंगावर हाये की."

मैदानातून पोरांचा आवाज येत होता.

शेवटी पारूबाईच उठली. डब्यांची पिशवी तिनं चारुतापुढं सरकवली. "हे न्या. संध्याकाळी माझ्या घरी जेवायला या. बाई, तुम्ही बी. दुखवट्याचं घर हाये, ध्यानात ठेवून या. आत बसून माझ्या हातचं खाल्लं, तर तुमच्या हातचं मी घेईन. नायतर आपली आपली वाट."

संध्याकाळी चारुता वरदला आणि डब्यांची पिशवी घेऊन आली, दमयंती बाई आल्या. शाळेत हे ऐकलेल्या आणखी दोघी आया येतो म्हणाल्या होत्या, त्या आल्या नाहीत. पारूबाईनं पिठलं केलं होतं, भाकरी थापल्या होत्या. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि खाली सुलेखाचा फोटो. चारुता फोटोसमोर जेवायला बसली आणि दुसऱ्या घासाला तिला ठसका लागला. ठेच्याचा की रडण्याचा, ते तिचं तिलाच माहीत. वरद भाकरी मोडत म्हणाला, "काकू करायची तशीच आहे." राजकुमार पहिल्या पाळीवरून आला होता, तो भिंतीकडं तोंड करून हात धूत राहिला, बराच वेळ.

जेवणं झाल्यावर पारूबाईनं एका डब्याचं झाकण उघडून एक चकली घेतली. मोडली, अर्धी क्षितिजाला दिली, अर्धी स्वतः खाल्ली.

निघताना दमयंती बाई सहज बोलावं तसं म्हणाल्या, "दाखल्याचं राजकुमारनी मला सांगितलंय. मी काही म्हणणार नाही, आजी तुम्ही आहात. पण इथं ठेवायचं ठरलं तर मधल्या वेळेची आम्ही सोय लावू. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ती चारुताकडं झोपेल. तिसरी, रात्रीची पाळी राजकुमार सोडवून घेतायत का, ते त्यांनी बघावं."

"बघू," पारूबाई म्हणाली. या वेळचं 'बघू' तिचं तिलाच नको झालं.

सुट्टीत ती नातीला घेऊन पाचोडला गेली. दगडाबाईनं पोरीचं तोंड चाचपून पाहिलं, नाकापाशी बोटं थांबवली आणि "सुलेखाच गं," म्हणाली. त्या दिवसापासून दोघी सोडत नव्हत्या एकमेकींना. क्षितिजा तिला हात धरून अंगणात न्यायची, आभाळात काय दिसतं ते सांगायची, दगडाबाई उलट विचारायची, "निळं म्हणजे थंड असतं का गरम?" पोरगी हसायची. बाजाराच्या दिवशी मिरच्यांच्या ढिगापाशी बसून गिऱ्हाईकांवर डोळे वटारायची. पाचोडात तिला काही कमी नव्हतं. हेच अवघड होतं. ती रडून 'शाळेत जायचंय' म्हणाली असती, तर पारूबाईला सोपं गेलं असतं.

पण पारूबाईचं मन एकाच जागी अडलं होतं. सुलेखानं मरायच्या आधी, शुद्धीत असताना, आपली पोर कुणाच्या हातात द्यायची ते ठरवून दिलं होतं. आईला न विचारता, आईला चोरून. आयुष्यात एकदाच तिनं कुणाकडं काही मागितलं, आणि त्या लोकांनी ते दिलं. आता आपण ती पोर तिथून उचलून आणायची, म्हणजे लेकीचा शब्द मोडायचा. जिवंतपणी तिला आपल्या धाकात ठेवलं, मेल्यावर तरी तिचं ऐकायला नको? विचार करून करून ती थकायची आणि पोरीच्या केसांत तेल घालत बसायची, गरज नसताना.

राजकुमारला तिनं फोन केला. "दाखला काढू नका."

"मामी, तुम्ही राहता का मग इथं?"

"दगडाअक्काला कुठं टाकू? तुम्ही तिसरी पाळी सोडवा, नायतर मी कंपनीच्या गेटवर येऊन बसंन. बाकी ते लोक बघतील."

शाळा उघडायच्या दिवशी ती नातीला घेऊन शहरात आली. फाटकाशी राजकुमार उभा होता, चारुता वरदला सोडायला आलेली, दमयंती बाई आत जाता जाता थांबल्या. पारूबाईनं पिशवीतून मिरच्यांची पुडकी काढली आणि दोघींच्या हातात दिली. मग तिला बोलायचं होतं आणि तोंड उघडेना. बाजारात दिवसभर बोलणारी बाई.

"उपकार म्हणत नाय मी," ती शेवटी म्हणाली. "तो शब्द आमच्या घरात चालत नाय. माझ्या लेकीनं तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही हो म्हणलात. मला विचारायला ती भ्याली. एवढं मी मरेपर्यंत ध्यानात ठेवीन."

दमयंती बाईंनी तिचा हात हातात घेतला. चारुता म्हणाली, "मावशी, येत राहा." पारूबाईनं मान हलवली.

घंटा झाली. क्षितिजा आत जाईना. आजीच्या लुगड्याचा काठ तिनं मुठीत धरला. "आजी, मी तुझ्याबरोबर येऊ का? मोठ्या आजीला आभाळ कोण सांगणार?"

पारूबाईच्या आत काय झालं ते तिचं तिला माहीत. वरून ती खेकसली, "शाळा सोडून कुठं येती? जा आत." आणि मूठ सोडवली. पोरीनं ओठ दुमडले, वरदनं तिचं दप्तर ओढलं, दोघं गेली.

बसमध्ये पारूबाई खिडकीला डोकं टेकून बसली. वाटेतलं आडूळ मागं पडलं तरी तिला कळलं नाही. घरी पोचली तेव्हा दगडाबाई दारातच बसली होती, पावलांचा आवाज ऐकून तिनं हात पुढं केला, खाली, लेकराच्या डोक्याच्या उंचीला. हात रिकामाच फिरला.

"पोरगी कुठंय गं?"

पारूबाई तिच्यापाशी खाली बसली. फिरणारा तो हात धरून तिनं आपल्या मांडीवर ठेवला.

"तिच्या माणसांत ठेवून आले, अक्का," ती म्हणाली. "सुलेखानं बघून दिलेली माणसं हायेत. चांगली हायेत."

दगडाबाईनं मान तिच्याकडं वळवली. मग म्हणाली, "तू रडतीयस का?"

"नाय," पारूबाई म्हणाली. आंधळ्या बहिणीशी खोटं बोलायला फारसं काही लागत नाही. पण दगडाबाईचा हात तिच्या हातात होता, आणि तो ओला होत होता.